फुगतालच्या गुंफा-मठाला जाताना : तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

झंस्करहून परतलेल्या मंडळींकडून एकच खंत वारंवार ऐकू येते : फुगताल पाहिले, पण नीट पाहता आले नाही. कोणी डोके धरून मठाच्या पायथ्याशी बसून राहिले, कोणी दुपारी दोनला पोहोचून अडीचला परत फिरले, कोणाला मुख्य दालनाला कुलूप आढळले. यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगाचे मूळ मठापाशी नसून त्याच्या चार-पाच दिवस आधी, म्हणजे मार्ग निवडताना आणि मुक्कामांचा क्रम लावताना झालेल्या चुकीत असते. म्हणून या लेखात मठाच्या वर्णनापेक्षा तिथवर पोहोचण्याच्या क्रमालाच अधिक जागा दिली आहे.

फुगताल गोंपा (गोंपा म्हणजे मठ) लडाखच्या झंस्कर भागात, त्सारप नदीच्या अरुंद दरीत, सुमारे ३,८५० मीटर उंचीवर आहे. कड्याच्या पोटात एक मोठी नैसर्गिक गुंफा आहे, तिच्या तोंडाशी मुख्य देवालये आहेत आणि त्यांच्या खाली उतारावर भिक्षूंची माती-लाकडाची घरे आहेत. दरीतला शेवटचा भाग पायी चालावा लागतो.

## टप्पा १ : आधी महिना ठरवावा, मग मार्ग

योग्य काळ जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा आहे. त्याआधी खिंडींवर बर्फ असते आणि ऑक्टोबरनंतर ते पुन्हा कधी पडेल याचा नेम नसतो. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत हिमालय गाठण्याची रीत आहे. झंस्करसाठी ती सोडून द्यावी.

पदुम हे झंस्करचे मुख्य गाव. तिथे पोहोचण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग श्रीनगर, झोजी ला ('ला' म्हणजे खिंड), कारगिल, सुरू खोरे आणि सुमारे ४,४०० मीटर उंचीची पेन्झी ला खिंड असा आहे. कारगिल ते पदुम हे अंतर २३०-२४० किलोमीटर असून त्यात पूर्ण दिवस जातो. दुसरा मार्ग मनालीहून अटल बोगद्याने केलाँग, जिस्पा आणि दारचा करत शिंकू ला ओलांडून येतो. तिसरा मार्ग लेहजवळच्या निम्मूहून झंस्कर नदीच्या काठाने येतो. निम्मू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये सलग जोडला गेला, तेव्हापासून मनालीकडून येणाऱ्यांचा ओघ वाढला आणि त्याबरोबर विरळ हवेने आजारी पडणाऱ्यांच्या कहाण्याही अधिक ऐकू येऊ लागल्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कारगिलकडून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे आणि कारगिल सुमारे २,७०० मीटरवर, त्यामुळे शरीराला पायऱ्या मिळतात. मनालीकडून आल्यास मनालीच्या सुमारे २,००० मीटरवरून एका-दोन दिवसांत ५,००० मीटरहून उंच शिंकू ला ओलांडावी लागते. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात पावसाने दरडी कोसळून रस्ते अडतात. लडाख पर्जन्यछायेत आहे हे खरे, पण तिकडे नेणारा मनालीचा रस्ता पर्जन्यछायेत नाही, हे पुष्कळ जण विसरतात.

इशारा : जाताना एक आणि येताना दुसरा मार्ग घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. तसे करायचे असल्यास कारगिलकडून यावे आणि शिंकू लावरून मनालीकडे उतरावे. उलट क्रम लावू नये. आठ-दहा दिवस उंचीवर राहिलेल्या शरीराला शिंकू ला जितकी सोसते, तितकी ती कालच मनालीत असलेल्या शरीराला सोसत नाही.

## टप्पा २ : घरून निघण्यापूर्वी

फोन. महाराष्ट्रातले किंवा गोव्यातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. गटातल्या किमान दोघांकडे, शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, पोस्टपेड सिमकार्डे असावीत. तरीही पदुमच्या पुढे फोन लागेल हे गृहीत धरू नये. घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर घाबरू नये, आणि त्यानंतरही आला नाही तर कोणाला विचारावे.

उपग्रह-संदेशयंत्र. परदेशातून येणारे नातेवाईक काळजीपोटी असे यंत्र बरोबर आणतात. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणे हा गुन्हा आहे आणि सीमाभागात त्याची चौकशी कडक होते. ते आणू नये, असे त्यांना तिकीट काढतानाच कळवावे.

पैसे. पदुममध्ये एटीएम आहे, पण त्यात रोख असेलच असे नाही. मठाच्या अलीकडच्या पुरने गावातला मुक्काम, जेवण, गाडीवाला आणि मठातली देणगी या सगळ्यांसाठी लागणारी रक्कम रोख न्यावी आणि तीत शंभर-दोनशेच्या नोटा भरपूर ठेवाव्यात. पाचशेची नोट मोडून देणे पुरनेतल्या घरमालकिणीला किती जड जाते, हे मी पाहिले आहे. तिने तीन घरे पालथी घातली आणि शेवटी आम्हीच उरलेले पैसे घेतले नाहीत.

औषधे. विरळ हवेच्या त्रासासाठी असेटाझोलमाइड ही गोळी वापरली जाते, पण ती शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेण्याची गोष्ट नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असल्यास निघण्याच्या महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी. नेहमीच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत विभागून ठेवाव्यात, कारण एक सॅक गाडीच्या टपावर आणि आपण तिच्यापासून दूर, असे अनेकदा होते.

पाय. वाट अवघड नाही, पण मुरमाड आणि अरुंद आहे. नवे बूट घालून जाऊ नये. सह्याद्रीत वापरून मळलेले, घोट्याला आधार देणारे जुने बूट उत्तम. महिनाभर आधीपासून आठवड्यातून तीन दिवस तासभर चढ-उताराचे चालणे ठेवावे.

खाऊ. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, डिंकाचे लाडू आणि मेतकूट बरोबर घ्यावे. उंचीवर भूक मरते आणि तेलकट पदार्थ नकोसे होतात. मऊ भात आणि मेतकूट मात्र उतरते.

तपासणी : मूळ ओळखपत्र, त्याच्या दोन छायाप्रती, रोख रक्कम, दोन ठिकाणी ठेवलेली औषधे, पोस्टपेड सिमकार्ड, शिटी, विजेरी आणि डोळे कडेनेही झाकणारा काळा चष्मा इतके हाती असल्याशिवाय निघू नये.

## टप्पा ३ : उंचीची सवय

या एका टप्प्यावर सगळा प्रवास अवलंबून आहे आणि नेमका हाच टप्पा सर्वाधिक लोक गाळतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड चढणाऱ्यांना वाटते की आपला दम चांगला आहे, आपल्याला काही होणार नाही. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे आपल्या सर्वात उंच ठिकाणी जितकी हवा विरळ असते, तितकी ती श्रीनगरातच असते. दमसास आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट ज्याचा दम चांगला तो भराभर चढतो आणि म्हणून आधी आजारी पडतो.

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोज रात्री झोपण्याच्या जागेची उंची साधारण ३०० ते ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. दिवसा खिंड ओलांडण्यासाठी वर गेलात आणि रात्री खाली उतरलात तर चालते. हिशेब झोपेच्या उंचीचा ठेवायचा.

कारगिलकडून येणाऱ्यांसाठी मी हा क्रम सुचवतो : पहिली रात्र श्रीनगर, दुसरी व शक्य असल्यास तिसरीही कारगिल, पुढची सुरू खोऱ्यात पणिखरच्या आसपास, त्यानंतर पदुम. पदुम सुमारे ३,६५० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढाव्यात. पेन्झी लाच्या अलीकडच्या रंगदुमला मुक्काम करण्याचा सल्ला अनेक जण देतात, कारण पठार सुंदर आहे, परंतु ते पदुमपेक्षा उंच असल्याने कारगिलहून थेट तिथे झोपायला जाणे शरीराच्या दृष्टीने चुकीचे ठरते. तिथे जेवावे, पाय मोकळे करावेत आणि पुढे निघावे.

मनालीकडूनच यायचे असेल तर केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री काढल्याशिवाय शिंकू ला चढू नये, आणि ज्या दिवशी चढाल त्याच दिवशी पुरनेपर्यंत उतरता येईल इतक्या पहाटे निघावे. वाटेत गोंबो रांगजोनचा एकटा उभा सुळका दिसतो आणि तिथे छायाचित्रांत दोन तास जातात. मग अंधार पडतो आणि मंडळी करग्याकला मुक्काम करतात. करग्याक हे पुरनेच्या वरचे गाव आहे. पहिली रात्र तिथे काढणाऱ्यांपैकी पुष्कळांचा दुसरा दिवस अंथरुणात जातो.

विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी तिथे किमान दोन, शक्यतो तीन रात्री काढाव्यात आणि पहिल्या दिवशी बाजारातही फिरू नये.

आता लक्षणांविषयी. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे आणि चालताना लवकर थकवा येणे ही सौम्य लक्षणे होत. अशा वेळी आहे तिथेच थांबावे, पाणी प्यावे, वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, छातीत घरघर, ओठ निळसर होणे हे फुप्फुसात पाणी साठत असल्याचे चिन्ह आहे. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, भ्रम होणे हे मेंदूला सूज येत असल्याचे. या दोन्हींत रात्र संपण्याची वाट न पाहता खाली उतरावे लागते.

आणि झंस्करची खरी अडचण इथे आहे. हे खोरे वाडग्यासारखे आहे. कारगिलकडे जायचे तर आधी पेन्झी ला चढावी लागते, मनालीकडे जायचे तर शिंकू ला. केवळ निम्मूकडचा नदीकाठचा रस्ता उंच खिंडीशिवाय खाली जातो, पण दरडींमुळे तो त्या दिवशी सुरू असेलच असे नाही. आजारी माणसाला घेऊन खाली उतरू, हे वाक्य सह्याद्रीत सहज बोलता येते. इथे उतरण्यासाठीही बहुधा चढावे लागते. म्हणूनच सवयीचे दिवस झंस्करमध्ये शिरण्यापूर्वी काढायचे असतात.

तपासणी : रोज सकाळी प्रत्येकाने एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावले चालून दाखवावीत. ज्याला ते जमत नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी त्या दिवशी पुढे जाऊ नये आणि त्याला ताबडतोब, आणखी उंचीवर न नेता, जवळच्या रुग्णालयात न्यावे. हे काम रोज एकाच माणसावर सोपवावे, कारण सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते.

इशारा : मद्य आणि झोपेच्या गोळ्या या दोन्ही गोष्टी श्वास मंदावतात. या प्रवासात त्या वर्ज्य समजाव्यात.

## टप्पा ४ : पदुममध्ये करायची चौकशी

पदुम हे शेवटचे बाजारपेठेचे गाव. इथे पेट्रोल, औषधे, रोख आणि पाणी शुद्ध करण्याची सोय करून घ्यावी. मनालीकडून येणाऱ्यांनी केलाँगच्या अलीकडे टांडीला टाकी काठोकाठ भरून घेतलेली असावी.

त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत आणि ते एका हॉटेलवाल्याला विचारून न थांबता कालच त्या बाजूने आलेल्या चालकाला विचारावेत. गाडीरस्ता आज नेमका कुठवर जातो? पुरनेपुढचे पूल आणि वाट ठीक आहे का? मठात या दोन-तीन दिवसांत एखादी मोठी पूजा किंवा विधी आहे का?

पहिला प्रश्न अशासाठी की या दरीत रस्त्याचे काम वर्षागणिक पुढे सरकते आणि गेल्या वर्षीच्या माहितीवर यंदाचा बेत आखता येत नाही. दुसऱ्या प्रश्नामागे अनुभव आहे. ३१ डिसेंबर २०१४ रोजी मोठी दरड कोसळून इथली नदी अडली, तिच्या मागे कित्येक किलोमीटर लांबीचे तळे साचले आणि ७ मे २०१५ रोजी तो बांध फुटून खालच्या दरीतले पूल वाहून गेले. अशी घटना रोज घडत नाही, पण इथले पूल कायमचे नसतात, हे स्थानिकांना चांगले ठाऊक आहे. आपणही ते लक्षात ठेवावे.

इशारा : गाडी ठरवताना 'फुगताल' एवढेच सांगून भागत नाही. चालक कोणत्या गावापर्यंत सोडणार, रात्री थांबणार की परत जाणार, आणि परतीला किती वाजता येणार, हे तिन्ही आधी बोलून घ्यावे. पुरनेत उभे राहून त्याला फोन करता येईल, या भरवशावर राहू नये.

## टप्पा ५ : पदुम ते पुरने

अंतर साठेक किलोमीटर, पण वेळ रस्त्याच्या अवस्थेवर अवलंबून. सकाळी निघावे. दुपारी वारा सुटतो, उतारांवरचे दगड घरंगळतात, आणि हिमनद्यांचे बर्फ उन्हाने वितळू लागल्यावर रस्ता कापून वाहणारे ओहोळ फुगतात. जो ओहोळ सकाळी नऊला चाक बुडेल इतका असतो, तो दुपारी चारला गाडी अडवतो. वाटेत बरदन गोंपा आणि रेरू गाव लागते. बरदनला थांबायचे असल्यास परतीच्या दिवशी थांबावे.

## टप्पा ६ : पुरनेचा मुक्काम

पदुमहून सकाळी निघून फुगताल पाहून रात्री पदुमला परतता येते का, असे सर्व जण विचारतात. धडधाकट माणसाला येते. तरीही तसे करू नये, कारण तशा बेतात मठासाठी जेमतेम तास उरतो आणि तोही दुपारचा, जेव्हा भिक्षू विश्रांती घेत असतात, दालने बंद असतात आणि आपल्याला घड्याळापलीकडे काही दिसत नाही. एक रात्र पुरनेला किंवा मठाच्या पायथ्याच्या अतिथिगृहात काढली की हा प्रश्नच मिटतो.

पुरने हे करग्याक आणि त्सारप या दोन प्रवाहांच्या संगमावरचे चिमुकले गाव आहे. गावात घरगुती मुक्कामाची सोय होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसायला मिळाले तर नाही म्हणू नये. मधोमध लोखंडी चूल, तिच्याभोवती जमिनीलगतच्या गाद्या, मागच्या फळीवर ओळीने मांडलेली पितळी भांडी, आणि चुलीवर कुकरची शिटी. कारण एवढ्या उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते आणि कुकरशिवाय डाळ शिजतच नाही. जेवण डाळ-भात, भाजी किंवा थुक्पा (शेवयांचे गरम सूप) असे असते. त्यात निवड मागू नये आणि ताटात टाकू नये, कारण इथे धान्य आणि भाजी फार कष्टाने येते. घरच्या बाईंना 'आमा-ले' म्हणावे, मोठ्या भावाच्या वयाच्या पुरुषाला 'आचो-ले', आजोबांना 'मेमे-ले'. नमस्कार, निरोप आणि आभार या तिन्हींसाठी 'जुले' हा एकच शब्द पुरतो.

इथे आपल्या लोकांची एक चूक इतक्या वेळा होते की ती स्पष्ट सांगणे भाग आहे. लडाखी घरातले शौचालय कोरडे असते. वरच्या खोलीत जमिनीला भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडे. विधी झाल्यावर वरून माती लोटायची असते. खाली तयार होणारे खत वसंतात शेतात जाते. आपण सवयीने बादलीभर पाणी ओततो आणि त्या घराचे वर्षाचे खत सडवून ठेवतो. स्वच्छतेसाठी थोडे पाणी लागतच असेल तर बाहेर कुठे वापरावे, हे यजमानांना विचारावे. त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही, उलट बरे वाटते.

तपासणी : झोपण्यापूर्वी उद्याची लहान पिशवी भरून ठेवावी : दोन लिटर पाणी, खाऊ, गरम जॅकेट, वाऱ्याचे जॅकेट, टोपी, मोजे, विजेरी, रोख रक्कम. मोठ्या सॅका पुरनेतच ठेवाव्यात.

## टप्पा ७ : दरीतली वाट

पुरनेपासून मठ एका बाजूने सहा-सात किलोमीटर आहे आणि सावकाश चालीने अडीच-तीन तास लागतात. दुसरी वाट 'चा' नावाच्या गावाकडून येते. सकाळी सहा-साडेसहाला निघावे, म्हणजे जाताना दरीत सावली असते आणि भिक्षूंच्या सकाळच्या दिनक्रमात आपण पोहोचतो.

वाट नदीच्या वर, उताराला कापून गेलेली आहे. चढ-उतार मध्यम आहेत, पण काही ठिकाणी एका वेळी एकच माणूस जाईल इतकी रुंदी आहे आणि खाली थेट पाणी आहे. समोरून घोडे किंवा गाढवे आली तर नेहमी डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नाही. लादलेल्या जनावराच्या ओझ्याचा साधा धक्काही पुरेसा असतो. सुट्या दगडांचा पट्टा लागला की तिथे थांबू नये, छायाचित्र काढू नये, एकमेकांत अंतर ठेवून बोलणे बंद करून पार व्हावे. दगड घरंगळण्याचा आवाज आधी येतो आणि तो ऐकू यावा म्हणून ही शांतता.

वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबट भिंती आणि चोर्तेन, म्हणजे स्तूप, लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला राहतील अशा बाजूने पुढे जावे, आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो तसेच. त्यावरचा दगड उचलून आणणे ही चोरी आहे.

मठाच्या अलीकडे नदीवर पूल आहे. एका वेळी दोन-तीन जणांनीच ओलांडावा, मध्यावर थांबून हलवू नये. पुलानंतर वळण घेतले की कडा समोर येतो आणि त्यातली काळी गुंफा दिसते. इथून पुढचा चढ थोडाच आहे, पण उत्साहात सगळे धावतात आणि पायथ्याशी पोहोचताच उलटी करतात. इथेच दहा मिनिटे बसावे, पाणी प्यावे, घामाचा शर्ट बदलावा.

इशारा : सकाळी दहापर्यंत निम्मी वाटही झाली नसेल तर गटातला कोणीतरी त्रासात आहे असे समजावे. त्याला एकट्याला परत पाठवू नये. एक जण सोबत द्यावा.

## टप्पा ८ : मठात

आपण मराठी माणसे लहानपणापासून लेणी पाहत आलो आहोत. अजिंठा, कार्ले, पितळखोरे इथली विहारे शेकडो वर्षांपासून रिकामी आहेत, म्हणून आपण त्यांत सरळ शिरतो, कोठडीत डोकावतो, दगडी बाकावर बसतो, आवाज घुमतो का ते पाहतो. फुगतालला तीच सवय आपल्याबरोबर येते आणि तिथे ती चालत नाही. इथल्या कोठड्यांत माणसे राहतात. दाराबाहेर वाळत घातलेली लाल वस्त्रे, उंबऱ्याशी ठेवलेला पाण्याचा डबा, आतून येणारा पाठाचा आवाज, ही कोणाची तरी राहती घरे आहेत. ज्या विहारांची केवळ रचना आपण ओळखतो, तिथे दिवस कसा जात असेल हे इथे डोळ्यांनी पाहता येते. मला फुगताल त्याचसाठी मोलाचे वाटते. मात्र ते दाराला कान लावून नव्हे, परवानगीने पाहायचे.

क्रम असा ठेवावा. पायथ्याशी अतिथिगृहात किंवा भेटलेल्या पहिल्या भिक्षूला 'जुले' म्हणून आपण आल्याचे सांगावे आणि वर कोणाला भेटावे हे विचारावे. घरांमधल्या बोळांतून जाताना आवाज खाली ठेवावा. वर मुख्य दालनाची किल्ली बाळगणारा भिक्षू येईपर्यंत थांबावे. त्याला घाई करू नये. दालनापाशी बूट आणि टोपी काढावी, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आत डावीकडून सुरुवात करून उजव्या हाताने प्रदक्षिणा करावी. बसायचे असल्यास पाय मूर्तीकडे किंवा भिक्षूंकडे पसरू नयेत. भिंतीवरची चित्रे आणि पोथ्या यांना हात लावू नये. बोटांचा तेलकटपणा आणि ओलावा रंगाला घातक असतो. छायाचित्रासाठी प्रत्येक दालनात वेगळे विचारावे आणि परवानगी मिळाली तरी फ्लॅश वापरू नये. रक्षक देवतांच्या दालनात काही वेळा प्रवेश नसतो. तिथे वाद घालू नये.

पाठ चालू असेल तर दाराजवळ, भिंतीलगत बसावे आणि मध्येच उठू नये. मी बसलो होतो त्या सकाळी एक दहा-बारा वर्षांचा भिक्षू मोठी किटली दोन्ही हातांनी पेलत रांगेतून चहा वाढत होता. माझ्यापाशी येऊन तो थांबला, माझ्याजवळ वाटी नाही हे त्याच्या ध्यानात आले, आणि काही न बोलता तो आत जाऊन एक वाटी घेऊन आला, तिच्यावरची धूळ स्वतःच्या वस्त्राच्या टोकाने पुसली आणि मग चहा ओतला. लोण्याचा खारट चहा अनेकांना आवडत नाही. आवडला नाही तर वाटी भरलेली ठेवावी; एकेक घोट घेतला की ती पुन्हा भरली जाते.

गुंफेतला झरा पवित्र मानला जातो. त्यात बाटली बुडवू नये, हात धुऊ नये. भिक्षूंनी दिले तर ओंजळीत घ्यावे. १८२५-२६ च्या सुमारास तिबेटी भाषेच्या अभ्यासासाठी इथे राहिलेल्या हंगेरियन विद्वान चोमा द कोरोश याच्या नावाची शिळाही मठात आहे. पुष्कळ जण तिच्यावरून न पाहता पुढे जातात, म्हणून ती दाखवण्याची विनंती करावी.

देणगी पेटीत टाकावी किंवा भिक्षूंच्या हाती द्यावी. मठाच्या शाळेतल्या मुलांना चॉकलेटे आणि नोटा वाटू नयेत; द्यायचेच असेल तर वह्या-पेन्सिली शिक्षकांकडे द्याव्यात. ड्रोन उडवू नये.

तपासणी : निघण्यापूर्वी आपण आणलेला प्रत्येक कागद, सालपट आणि प्लास्टिक परत पिशवीत आहे ना, हे पाहावे. या दरीत कचरा नेणारी गाडी येत नाही. इथे टाकलेले इथेच राहते किंवा नदीत जाते.

## टप्पा ९ : परतीचा क्रम

त्याच दिवशी पुरनेला परतायचे असल्यास दुपारी दोनच्या आत मठ सोडावा. उन्हाने वाट तापलेली असते आणि वारा समोरून येतो, त्यामुळे जाताना लागला त्याहून कमी वेळ लागेल असे धरू नये. सर्वात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे आणि अनुभवी माणसाने मागून यावे. उरलेले पाणी निम्म्या वाटेवर संपवू नये.

अतिथिगृहात राहणाऱ्यांनी संध्याकाळी पुन्हा वर जायचे की नाही, हे भिक्षूंना विचारून ठरवावे. पहाटे मात्र लवकर उठून अंगणात बसावे. वरून शंखांचा आवाज येतो तेव्हा दरीत अजून अंधार असतो.

पुरनेहून पदुमला किंवा शिंकू लाकडे जायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी. परतीच्या प्रवासात दोन मोकळे दिवस हाताशी ठेवावेत आणि दिल्ली किंवा श्रीनगरहून विमान असेल तर त्या दिवसांनंतरचेच तिकीट काढावे. एकदा आमच्या गटाने हे केले नव्हते. पेन्झी लाच्या अलीकडे ओहोळाने रस्ता नेला, आम्ही एका तंबूत दीड दिवस अडकलो, आणि ज्यांचे विमान होते ते दोघे ओहोळ उतरण्याची वाट न पाहता रात्री गाडी पाण्यात घालायला निघाले. चालकाने किल्ली खिशात घातली आणि तो झोपी गेला, म्हणून ते दोघे वाचले.

पदुमला पोहोचल्यावर घरी फोन करावा, आणि ज्या आमा-लेंकडे आपण राहिलो त्यांचे काही राहिलेले पैसे, भांडे किंवा पांघरूण चुकून आपल्याकडे आले असेल तर त्या बाजूला जाणाऱ्या पुढच्या गाडीबरोबर ते परत पाठवावे.